मार्येताबाईंचं बोट

लेस म्हणजे दुकानात मीटरवर मिळते ती, असं नीता चांदोरकरला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खुशाल वाटत होतं. सिंगापुरात पुंगोलला फ्लॅट, बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी, घरी नवरा शिरीष आणि मुलगी इरा. सुईदोऱ्याशी संबंध शर्टाच्या बटणापुरता. आणि हीच बाई आज हौगांगच्या दहाव्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईपुढे जीव मुठीत धरून बसली होती. का, ते सांगायचं तर चार वर्षं मागं जायला हवं.

तेव्हा ती हौगांगच्या मार्केटातून सुरमई घेऊन निघाली होती. एका ब्लॉकच्या तळाशी, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेत, टकटक टकटक आवाज. बघते तर एक गोरी आजी. पुढ्यात टोपली, टोपलीत लोडासारखी गोल उशी, उशीवर टाचण्यांचं रान, आणि त्यातून लोंबणारी चौदा चिमुकली लाटणी! लाटणी कसली, दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन होत्या त्या. पण आजीचे हात त्या अशा काही टाकत होते, की कुठली कुठून गेली कळेना, आणि टाचण्यांमधून नागमोडी पांढरी जाळी उतरत होती. नीताचं भानच हरपलं. सुरमईचं पाणी पायावर ठिबकतंय, हे शेवटी आजीनंच दाखवून दिलं.

मार्येताबाई मूळच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावच्या. सहाव्या वर्षी हातात बॉबिन आल्या. पुढे जहाजावरच्या एका सिंगापुरी इंजिनिअरशी लग्न करून इकडे आल्या, त्यालाही पन्नास वर्षं झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही. "मी गेले की माझ्याबरोबर हेही गेलं," असं त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या.

नीता दर शनिवारी जायला लागली. हालचाली किती, तर दोन. दोरा दोऱ्यावरून न्यायचा आणि पीळ द्यायचा. बास! एवढ्यातून पानं, फुलं, वेलबुट्टी, सगळं! घरी येऊन ती म्हणायची, "अहो, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल हो?" शिरीष लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणे, "ज्याला ऑफिस नव्हतं त्याला." इराचं वेगळंच, "ममी, ऑनलाइन बाय कर ना, सो चीप लाह!" हसा लेको, नीताचं आश्चर्य काही ओसरलं नाही.

शिकणं मात्र घाम फोडणारं. दोऱ्याची ओढ एकसारखी पडेना. एकदा तिनं साध्या लोखंडी टाचण्या वापरल्या, तर इथल्या दमट हवेत त्या गंजल्या आणि महिनाभराच्या कामावर तांबडे डाग पडले. मार्येताबाईंनी ते सगळं काढून टाकायला लावलं. नीता बसमध्ये रडली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर झाली.

तिसऱ्या वर्षी मार्येताबाईंचे डोळे गेले. उशीवर टेबलक्लॉथची, कित्येक वर्षं चाललेली किनार अर्धी होती. ती त्यांनी नीताकडे सरकवली. "पुढची तू कर. झाली की मी बोट फिरवीन. माझं काम संपून तुझं कुठं सुरू झालं ते बोटाला कळलं नाही, तर तू शिकवायला मोकळी. कळलं, तर नाही. माझ्या बाईंनीही मला अशीच परवानगी दिली होती."

नीताला शिकवायचंच होतं. पुंगोलच्या कम्युनिटी क्लबात पाच बायका वाट बघत होत्या. अकरा महिने ती त्या किनारीवर वाकून बसली.

आणि आज ते बोट किनारीवरून चाललं होतं. "हे पान नवरा हॉस्पिटलात होता तेव्हाचं. किती घट्ट आहे बघ." थोडं पुढे, "इथं माझी बहीण आली होती. बडबडत होते मी." नीता थक्क होऊन बघत राहिली. दोऱ्यात माणसाचे दिवस राहतात आणि बोटाला ते वाचता येतात, हे कुणी सांगितलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं.

बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा तिथंच थांबलं.

"इथं हात ढिला पडलाय. तुझा?"

ती जागा नीताला पाठ होती. तिचं काम त्यापुढे वीतभरावर सुरू होत होतं. हे मार्येताबाईंचंच, डोळे विझत आलेले तेव्हाचं. अकरा महिने तिनं ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. खरं सांगावं, तर पंचाहत्तर वर्षं लेस विणलेल्या हाताला शेवटी काय झालं ते तिच्या तोंडून कळणार. खोटं सांगावं, तर त्या पाच बायकांना घरी पाठवायचं.

"हो आंटी," ती म्हणाली. "माझा."

बोट पुढे निघालं, वीतभर गेलं, आणखी गेलं, आणि पार टोकापर्यंत कुठंही न अडखळता पोचलं.

"माझा हात मला ओळखता येत नाही होय, वेडे?"

नीताला रडूच फुटलं.

"सोमवारी वर्ग सुरू कर," मार्येताबाई किनारीची घडी तिच्या हातात देत म्हणाल्या. "आणि पहिल्याच दिवशी त्यांना हा ढिला भाग दाखव. मार्येताचा आहे म्हणून सांग."