दीडपट तिलावत

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण सांगतो. दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मध्ये हसायचं मात्र नाही.

माझं आर्णीत गाद्यांचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, मराठी. कुराण शरीफ लहानपणी मदरशात शिकलो. बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. यंदा रमजानच्या तोंडावर मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरनं वाचायला बंदी केली. म्हणून सूनबाईनं, नसरीननं, मोबाईलमध्ये एका कारीसाहेबांची तिलावत, म्हणजे सुरात पढलेलं कुराण, लावून दिली. त्याचे तीस पारे, म्हणजे भाग. रोज एक पारा ऐकायचा आणि ऐकता ऐकता एका गादीचे टाके घालायचे. टाक्याला डोळा लागत नाही, पन्नास वर्षांचा हात आहे. पारा संपला की गादी संपली. घड्याळाची गरज नाही.

मग सलीमनं घोळ केला. म्हणजे घोळ मीच केला, पण सुरुवात त्याची.

सलीमचं शेजारी चपलांचं दुकान आहे. एका दुपारी त्याच्या मोबाईलमधून तिलावत येत होती, पण कशी? कोणी पाठीमागे लागल्यासारखी!

"काय बे, हे कायले पळून राह्यलं?"

"स्पीड वाढवला चाचा. ईदच्या आत दोनदा खतम करायचं आहे मले."

"अरे, अल्लाचा कलाम आहे तो! आर्णी-यवतमाळ बस आहे काय?"

"लफ्ज साफ येतात ना चाचा, एकेक शब्द कळते. सव्वापटच तर केला."

"सव्वा काय अन् पाव काय! उद्या गाडीवर बसून नमाजबी पढशील तू."

मी त्याला तसाच हाताला धरून हाफिजसाहेबांकडे नेला. उमरखेडचा चाळिशीतला शांत माणूस. रमजानपुरता कुराण पढायला आमच्या मशिदीनं बोलावलेला. मला वाटलं, ते सलीमला चांगले झापतील.

ते म्हणाले, "लफ्ज साफ कळत असले, ध्यान लागत असलं, तर गुनाह आहे असं मी म्हणणार नाही. पण सावकाश ऐकणं बेहतर."

संपलं! एवढंच! सलीम माझ्याकडे बघून दात काढत होता. भर बाजारातून त्याला ओढत आणला तो काय 'बेहतर' ऐकायला?

घरी आलो तो तापलेलाच. नसरीनला म्हटलं, "हा स्पीड राहते तरी कुठं? दाखव मले."

तिनं माझाच मोबाईल घेतला, काहीतरी सरकवलं. "असं करतात अब्बा."

"तौबा! बंद कर."

"थांबा, पहिल्यासारखं करून देते—"

"बंद कर म्हटलं ना!" मी मोबाईल हिसकावला, बटण दाबलं, बंद केला. विषय संपला.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पारा संपला आणि गादी बरीच उरली. तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, झालं, म्हातारा झालो, हात थकला! पण मी ऐकून घेणाऱ्यातला नाही. सुई दणादण ओढायला लागलो. पाऱ्याच्या आत गादी संपवायचीच. चौथ्या दिवशी एक बाई गादी परत घेऊन आली. म्हणाली, "चाचाजी, हिच्यावर झोपलं की टेकडीवरून घसरल्यावानी होते."

आणि कारीसाहेबांबद्दल माझं मत काय? वा! काय जोर, काय दम! रमजान अंगात भिनला की माणूस असा पढतो!

इथपर्यंत माझ्याच घरचं नुकसान होतं. पुढं मी मशिदीत गेलो.

रमजानात रोज तरावीहची नमाज असते. हाफिज तोंडपाठ कुराण पढतात, आपण मागं उभं राहून ऐकायचं. महिन्याभरात पूर्ण कुराण होतं. आणि आता मला आमचे हाफिजसाहेब भलतेच सुस्त वाटायला लागले. एक आयत संपता संपेना. माझे गुडघे बोलायला लागले.

मशिदीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजीसाहेब. मी त्यांच्या घरी गेलो.

"हाजीसाहेब, हाफिज झोपून राह्यला. बैलगाडी बरी."

"अहो, गेल्या हप्त्यात तुमीच तारीफ करत होते ना?"

"तवा मले पारख नव्हती. आता रोज मोठ्या कारीले ऐकतो मी."

ही गोष्ट हाफिजसाहेबांच्या कानावर गेली. बिचाऱ्यांनी पढायचा वेग वाढवला. लोक म्हणाले, लफ्ज पकडता येत नाहीत. मी म्हटलं, अजून सुस्तच आहे! मशिदीत दोन पार्ट्या पडल्या. माझ्या पार्टीत मी होतो आणि गुडघे दुखणारे चार जण.

शेवटी हाफिजसाहेब हाजीसाहेबांना म्हणाले, "माझ्यामुळं जमातीत झगडा नको. मी उमरखेडला जातो."

अठरा पारे झाले होते. बारा बाकी. भर रमजानात दुसरा हाफिज कुठून आणता? ऐन पेरणीत शेजाऱ्याची तिफण मागावी तशी गोष्ट. आणि मधूनच परत पाठवलेल्या हाफिजला पुढल्या साली कोणतं गाव बोलावेल? हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी बरोबर होतो ना!

हाजीसाहेबांनी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजीनंतर, अंगणात सगळ्यांना बसवलं. हाफिजसाहेबांची बॅग त्यांच्या खोलीच्या दारात भरून ठेवलेली. मी उभा राहिलो. मोबाईल काढला. म्हटलं, "तोंडानं कायले भांडायचं? हे ऐका. असं पढतात!"

लावला. सगळे मान खाली घालून ऐकत होते.

हाफिजसाहेबांनी हळूच मान वर केली. "चाचा, या कारीसाहेबांना मी वीस वर्षांपासून ऐकतो. हे इतक्या घाईत कधीच नव्हते."

"मग आता असतील!" मी म्हटलं.

सलीम उठला. माझ्या हातातला मोबाईल वाकून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत मोबाईलकडे.

"चाचा, दीड आहे."

"काय दीड?"

"दीडपट. मले तर तुमी सव्वापटीवर पकडून नेलं होतं."

अंगणात जो आवाज झाला तो मी सांगत नाही. माझ्या पार्टीतले चारही जण तिकडे जाऊन बसले. गुडघ्यांसकट.

हाजीसाहेब हसले नाहीत. त्यांनी नुसतं त्या बॅगेकडे बोट दाखवलं. म्हणाले, "आता तुमीच सांगा, बडे मियाँ. हाफिजसाहेब जातात की राहतात?"

आता बघा. सत्तर वर्षांत मी कोणाची माफी मागितली नाही. बापाची नाही, गिऱ्हाइकाची नाही, टेकडीवाल्या बाईचीसुद्धा नाही. तिला नवी गादी दिली, माफी नाही. पण त्या बॅगेकडे बघवत नव्हतं. मी पुढं गेलो, जमिनीकडे बघितलं आणि एका दमात सगळं टाकून मोकळा झालो, "चुकलंमाझंमाफकराजाऊनकाराहा."

हाफिजसाहेबांनी कानामागे हात धरला. चेहरा एकदम गंभीर.

"चाचा, लफ्ज साफ आले नाहीत. जरा सावकाश."

सावकाश म्हणावं लागलं. सगळ्या जमातीसमोर, एकेक शब्द, थांबून थांबून. आणि बॅग आत नेऊन ठेवेपर्यंत तो सलीम मागून म्हणत होता, "एकदा अजून, चाचा, मागच्या रांगेत ऐकू आलं नाही!"