पोट नसताना मागितलेली गोळी

"पोटात कायच नाय आनी गोळ्यो मागतंस?" डॉक्टर म्हणाला. मग खुर्चीत मागे रेलला आणि बाहेर बाकड्यावरच्या बायकांनाही कळावं इतक्या मोठ्याने बोलला, "तुमचीं पोरां म्हणजे अळमी. पावस पडलो की आपशीच उगवतत. तुमका गोळ्यो कित्याक?"

बायका हसल्या. खरं सांगते, मीसुद्धा हसले. त्याचं बोलणं एक वेळ विसरेन, माझं ते हसणं नाही विसरत.

पाळी गावच्या खाणीवर मी खनिजाच्या पाट्या उचलायचे. आम्ही सावंतवाडीकडचे. गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, त्यालाही चार-पाच वर्षं होऊन गेलेली, तरी आम्ही तिथे भायलेच, परके. डॉक्टर गावच्या भाटकाराचा मुलगा. निम्मा गाव त्यांच्या जमिनीवर.

आदल्या वर्षी माझा पहिला मुलगा गेला. कण्याच्या खालच्या अंगाला पाठ उघडी. दोन दिवस जगला. आमच्यात तीन महिने पोट कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. मी तर दवाखान्याच्या नर्सपासूनही लपवलं. ती खाणीवर आली की पाटी पोटाशी धरून बसायचे. पाचव्या महिन्यात तिच्याकडे गेले, रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या घेतल्या, वाटलं झालं. मुलगा गेल्यावर सासू म्हणाली, ग्रहणात आदोळीवर बसून नारळ खवलास, त्याचं हे फळ. मी मान खाली घातली.

पणजीच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मला शेजारी बसवलं. म्हणाली, ग्रहणाचा काही संबंध नाही. बाळाचा कणा पहिल्याच महिन्यात मिटतो, तुला महिना चुकला हे धड कळायच्या आत. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून पोटात जायला हवी, आणि तुझं एक बाळ असं झालं, तर तुला जास्त ताकदीची लागेल. सगळ्यांचं टळतं असं नाही, हेही तिने सांगितलं. पुष्कळांचं टळतं. मग गावच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून दिली.

तीच चिठ्ठी मी याच्यापुढे धरली होती. त्याने उघडलीही नव्हती.

हसून झालं आणि मला माझ्या मुलाची पाठ दिसली. जागची हलले नाही. म्हटलं, "डाक्टरानू, माझो झील अळमी नाय हुतो. दोन दिस त्येका मांडयेर पालथो घेऊन बसलंय. उताणो ठेवूक येय नाय हुतो. चिठी वाचा."

त्याने वाचली. गोळ्या लिहिल्या आणि कागद माझ्याकडे भिरकावला. तो जमिनीवर पडला.

खाणीवरच्या बाईला वाकायची सवयच. दिवसभर तेच तर करते ती. त्या दिवशी नाही वाकले. नर्स पुढे झाली, तिला म्हटलं, "तू नको गो. त्येंच्या हातसून पडलो." मी स्टुलावर बसून राहिले. रांग खोळंबली. शेवटी बाहेरून एक म्हातारी करवादली, "उचल रे बाबा एकदा, माका बस गावूक होयी."

तेव्हा तो वाकला. कागद माझ्या हातात आला.

गोळ्या घेतल्या, रोज. पुढच्या वर्षी मुलगी झाली, पाठ धड. गोळीने झालं की नशिबाने, मला नाही सांगता येणार, आणि जो गेला तो काही परत आला नाही.

आता साठी उलटली. लेकीकडे पेडण्यात असते. तिथे कुठे लग्न असलं की चुडा भरताना मी नवरीजवळ जाऊन बसते. सांगते, बाय, मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरीण गाठ, गोळी सुरू कर, आणि दिवस गेले की लपवू नको. बायका कुजबुजतात. जिचं पहिलं पोर गेलं तिने चुड्याला बसू नये, अशा वेळी पोटाचं बोलू नये. गेल्या महिन्यात तर एका नवरीच्या आईने तोंडावर सांगितलं, "धाकट्येच्या लग्नाक तुका बोलवूचंय नाय."

म्हटलं, "नको बोलवू. मी येतलंय."

धाकटीचं लग्न मार्गशीर्षात आहे. चुडा भरणारा कांकणकार यायच्या आधी मी जाऊन बसणार. उठवायचं असेल त्यांनी उठवून बघावं.