होड्यांचा प्रोग्रॅम

ओल्या रेनकोटचा वास आला की मला रत्नागिरीच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या आणि समुद्र पुन्हा खवळला. माझ्या शेजारी बसणाऱ्या पूर्णगडच्या मैत्रिणीच्या वडिलांची होडी चार दिवस परतली नव्हती. घरी बसवेना म्हणून ती प्रॅक्टिकलला आली होती. सी भाषेतला तिचा प्रोग्रॅम बंदरातल्या होड्यांचाच होता: आलेल्या होडीपुढे एक, न आलेल्या होडीपुढे शून्य. वडिलांच्या होडीपुढे तिने शून्य लिहिलं, तरी स्क्रीनवर सगळ्याच होड्यांपुढे ‘परत आली’ असं उमटलं. ती बघतच राहिली. मागे उभ्या असलेल्या सरांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “अटीत बरोबरचं एकच चिन्ह टाकलंस गो. त्याने मशीन ‘इथे एक आहे का’ असं विचारत नाही, शून्य पुसून तिथे एक ठेवतं. विचारायला दोन चिन्हं लागतात. टाक आणखी एक.” तिने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. “आज राहूंदे सर,” ती म्हणाली. होडी आलीच नाही. आता हे मीच शिकवते, पण उदाहरणाला होड्या घेत नाही, परीक्षेचे मार्क घेते.