डोंगरकड्यात जिंकणारी टीम

आकांक्षा बसमधून उतरली की अमृतरावांचं शिलाई मशीन थांबायचं. दर सोमवारी संध्याकाळी, न चुकता. दुकान डोंगरकड्याच्या स्टँडसमोरच, त्यामुळे पोरीला पळवाट नाही. गळ्यात टेप, दातांत धागा आणि एकच सवाल, "काय झालं आपल्या टीमचं?"

आता डोंगरकड्याच्या टेलरला अमेरिकेतल्या फुटबॉल टीमशी काय देणंघेणं? सांगतो. त्यांची ही लेक हिंगोलीत एका हापिसात कामाला. तिकडं रविवारी हिच्या वाट्याला आलेल्या टीमची मॅच झाली की सोमवारी तिचा व्हिडिओ हिच्यासमोर. तो थांबवत थांबवत कोण कुठं उभा होता, कुठं पळाला, कोणी कोणाला आडवं केलं, याच्या खुणा कॉम्प्युटरवर करायच्या. नाव फुटबॉल, पण चेंडू अंड्यासारखा आणि हातात घेऊन पळायचा. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, ही काय मारामारी लावलीय! महिन्याभरात त्या मारामारीतले डावपेच तिला दिसायला लागले, आणि मग त्या कामानं तिला असं काही वेड लावलं की विचारू नका.

नेमकं तेव्हाच वसमतचं स्थळ आलं. पोरगा बरा, माणसं बरी, अट एकच. लग्नानंतर नोकरी बंद. आकांक्षानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बाबा, आमची टीम खेळून राहिली तवर मला काम करू द्या. तिचा सीझन संपला की तुमी म्हणाल तसं." चांगली टीम फेब्रुवारीपर्यंत खेळते, हे तिनं हापिसात ऐकलं होतं. अमृतरावांनी वसमतवाल्यांना तसाच शब्द दिला. आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. दर रविवारी विहारात पंचशील घेणारे पुष्कळ असतात, पण हा माणूस खोटं न बोलण्याचं चौथं शील दुकानातही पाळायचा. परवा होणारा ब्लाउज उद्या देतो, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. कोणत्या टेलरला जमतं हे?

पण टीम निघाली करंटी. पहिली मॅच हरली, दुसरी हरली. मोठा गाजावाजा करून आणलेला गडी दिवाळीआधीच खांदा मोडून बसला. आकांक्षा एकटीच पडद्यासमोर चरफडायची, "अरे, डावीकडं बघ ना मेल्या!" हरलेली प्रत्येक मॅच तिला वसमतच्या जवळ नेत होती.

एका सोमवारी ती खाली उतरली, अमृतरावांनी विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जिंकली." मग पुढच्या सोमवारीही निघालं. नवं वर्ष लागलं तसा सीझन संपला आणि टीम हात हलवत घरी गेली. हापिसात तिच्याऐवजी कॉलेजच्या पोरांच्या मॅचचे व्हिडिओ खुणा करायला आले. डोंगरकड्यात मात्र टीम खेळतच होती आणि जिंकतच होती. अमृतराव गिऱ्हाइकांना चहा पाजायचे. आकांक्षाला झोप लागेना. कुणी हातात मोबाईल घेतला की ही तिथून उठून जायची.

एका रविवारी वसमतहून फोन आला. अमृतराव शांतपणे म्हणाले, "लेक म्हणते, टीम जिंकून राहिली. थांबा थोडं." ते ऐकून तिला भडभडून आलं. आपल्या थापेपायी बाबांचं शील मोडतंय, हे काही तिला सोसेना.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, टीम कवाच हरली. मी खोटं बोलले."

अमृतरावांनी दातांतला धागा तोडला. "ठाऊक हाये मला. तुझ्या बसच्या संतराम कंडक्टरनं दिवाळीतच मोबाईलवर दाखवलं, टीम हरून राहिली म्हणून."

"मग बोलला काहून न्हाई?"

"काय बोलू? मी वसमतवाल्यांना म्हणायचो, लेक म्हणते जिंकली. लेक म्हणतच व्हती की. त्यात माझं खोटं कुठं व्हतं?" त्यांचा आवाज चढला. "आता तू खरं बोलून बसलीस. आता मी काय सांगू? तू बसमधून उतरतीस तवा तुझं तोंड कसं फुललेलं असतं, रोज बघतो मी. ते काम तुझ्या हातातून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलंय, बाई. अजून थोडे दिस दम धरला असता तर काय बिघडलं असतं?"

तेवढ्यात मशीनवर ठेवलेला फोन वाजला. वसमतचाच. अमृतराव त्याच्याकडं बघत राहिले. गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, परत गळ्यात घातला. मग फोन उचलला.

"न्हाई हो," ते म्हणाले. "काल बी जिंकली. कुणी हरवूनच न्हाई राहिलं. पुढल्या सालापर्यंत चालंल असं दिसतंय."

फोन ठेवून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायला घेतली. आकांक्षा दुकानाच्या पायरीवर बसून रडली.

पुढच्या रविवारी विहारात चौथ्या शीलाची पाळी आली तेव्हा बापलेकीचे आवाज एकदमच बसले. शेजारी बसलेल्या पंचफुलाबाईंनी डोळे न उघडता दोघांच्या वाट्याचं शील एकटीनंच मोठ्यानं म्हटलं.