अकादमीच्या दारात मृदंग

माझ्या मुलीने लष्करी अकादमीत मृदंग न्यायचं ठरवलं, तेव्हा घरात माझ्या बाजूने एकही माणूस उभा राहिला नाही. सासरे तिच्या बाजूने, कारण मृदंग त्यांचाच. नवरा तिच्या बाजूने, कारण वडिलांच्या विरुद्ध बोलायची त्याला सवय नाही. आणि अकादमीसुद्धा तिच्याच बाजूची निघाली. सामानाच्या सूचना आल्या होत्या त्यात काळी लोखंडी ट्रंक होती, पांढरे कॅनव्हासचे बूट होते, मच्छरदाणी होती, आणि सगळ्यात शेवटी, वाद्य वाजवता येत असेल तर सोबत आणायला हरकत नाही, असंही होतं.

"ते माउथ ऑर्गनबद्दल लिहिलंय," मी म्हटलं. "फार तर गिटार."

"वाद्य म्हटलंय, अम्मा. मृदंग वाद्य नाही?"

"फणसाच्या लाकडाचा ओंडका आहे तो! उचलून बघ."

तिने उचलून दाखवला. सासरे कौतुकाने हसले. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले; नोकरी सांभाळून तिरुवैयारूला जाऊन मृदंग शिकले आणि मग नातीला शिकवला. घरात दुसरं कुणी शिकलं नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते. ओरत्तनाडूच्या शाळेत बसने जाऊन येऊन मुलींना कंपनं आणि तरंग समजावते, आणि घरी आल्यावर तीच कंपनं डोक्यात घेऊन स्वयंपाक करते.

ट्रंकेवरून आधीच माझं डोकं फिरलं होतं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव हवं होतं. नवऱ्याने ती लॉऱ्या रंगवणाऱ्याकडे दिली. त्याने नाव सुंदर काढलं, आणि पोरगी सैन्यात जाते म्हणून आनंदाने दोन्ही बाजूंना एकेक गुलाबी कमळ काढून दिलं. रविवारची दुपार मी थिनर आणि चिंधी घेऊन ती कमळं खरवडत बसले. तोवर राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून एकेक जण येत होता. कुणी विभूती आणली, कुणी ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या. एका मावशींनी तर इडलीपात्र आणलं. खाण्याचं काही चालत नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "पात्र कुठे खायचं असतं?"

पोचवायला मीच गेले, कारण नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासऱ्यांनी मृदंगाला नवी खोळ शिवून घेतली होती. स्टेशनवर त्यांनी नातीला मिठी मारली आणि मला बजावलं, "आडवाच ठेव. वर काही ठेवू नकोस. आणि एसीच्या गार वाऱ्यापासून जप."

म्हणजे खालचा बर्थ मृदंगाचा. चेन्नईला गाडी बदलून उत्तरेकडे दोन रात्रींचा प्रवास, त्यात मी वरच्या बर्थवर गुडघे दुमडून, आणि खाली मृदंग पांघरूण घेऊन. मुलगी त्याच्या कडेला अंग चोरून झोपली. तिकीट तपासनिसाने विचारलं, "आजारी आहे का कुणी?"

अकादमीच्या फाटकाशी रांग होती. पंजाबच्या, मणिपूरच्या, केरळच्या मुली, त्यांचे आईबाप, काळ्या ट्रंका. आमच्यासारखं बाळंतिणीइतकं जपून आणलेलं गाठोडं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. फाटकावरच्या हवालदाराने खोळ उघडायला लावली.

"ढोलक," असं म्हणत तो लिहायला लागला.

"मृदंगम," मी म्हटलं. माझी हिंदी म्हणजे आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीला 'है' लावलेली. "ढोलक नहीं है. वेगळा है."

"दोन्ही बाजूंनी वाजतो ना?"

"वाजतो."

"मग ढोलक."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्याला खोळीच्या खिशात रव्याची पुडी सापडली. खाण्याचं आत नेता येत नाही, असं त्याने सांगितलं. मुलगी नम्रपणे म्हणाली की हे खायचं नाही, वाजवायचं आहे. हवालदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी तरी खरं सांगेन. खरं तेच होतं. मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या रव्याचा गोळा थापल्याशिवाय त्यातून खर्ज निघत नाही. पण हे हिंदीतून कसं सांगायचं? शेवटी पोरीने बाटलीतलं पाणी घेतलं, तिथेच मांडी घातली, रवा मळला, थापला आणि हात मारला. रांगेतली माणसं पुढे सरकून बघायला लागली. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. हवालदार मात्र खूश झाला. "बँडच्या खोलीत ठेवा," म्हणाला.

फाटकाच्या आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांत सामान होतं, वळणार कशी?

त्यानंतर रविवारचे फोन. दोन मिनिटं बोलायची, त्यातलं एक ताताशी, म्हणजे आजोबांशी. पहिले काही महिने मृदंगाला हातही लागला नाही. सकाळी धावणं, मग कवायत, मग वर्ग, मग रात्री बूट चमकवणं. मी सासऱ्यांना ऐकवलं, "बघा. तिथे तो धूळ खातोय." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सोयीचं नसलं की त्यांना ऐकू येत नाही.

मग एका रविवारी फोन आलाच नाही. सोमवारी आला, दुसऱ्याच मुलीच्या फोनवरून.

"अम्मा, काळजी करू नको. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे."

झालं ते असं. कुणाच्या तरी कपाटात बिस्किटं सापडली. सगळ्या तुकडीला शिक्षा झाली: आपलं सगळं खाजगी सामान घेऊन मैदानात हजर व्हा आणि फेऱ्या मारा. सगळं म्हणजे सगळं. हिच्या नावावर वाद्यही लिहिलेलं, म्हणून ते बँडच्या खोलीतून आणायला लावलं. डोक्यावर ट्रंक, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला मृदंग. पाऊस पडून गेलेला. पाय घसरला. ट्रंक तिने सोडून दिली. मृदंग खाली लागेल म्हणून तो छातीशी धरून ती डाव्या हातावर पडली.

हे सांगताना ती हसत होती. "मृदंगाला काही झालं नाही," म्हणाली.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्यावर ओरडले, बिस्किटं लपवणाऱ्या पोरीवर ओरडले, शिक्षा देणाऱ्याच्या पिढ्या काढल्या. फोन ठेवून सासऱ्यांकडे वळले. एकच वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः परत लावला, आणि कधी नव्हे त्या आवाजात तिला म्हणाले, "लाकूड फुटलं असतं तर आपल्या गावात दुसरं कोरून घेतलं असतं. हात कुठल्या दुकानात मिळतो गं?"

माझं वाक्य! इतके महिने मी राग जपून ठेवला होता, आणि ते वाक्य त्यांनी बोलून टाकलं. आता रागवायचं तरी कुणावर?

त्या मनगटाने तिचं अर्धं वर्ष खाल्लं. मैदानातली परीक्षा चुकली, म्हणून मागच्या तुकडीत टाकलं. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या, अधिकारी झाल्या, हिने त्यांचे फोटो बघितले. घरी परत ये, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला. प्लास्टर निघेपर्यंत तिला हलकं काम दिलं होतं, बँडच्या खोलीतली पितळी वाद्यं पुसायचं. तिथे ती एका हाताने मृदंगाचं उजवं तोंड वाजवी. नव्या तुकडीत मणिपूरची एक मुलगी होती, तिची पावलं कवायतीत कायम चुकत. हिने तिला आपल्या तालाचे बोल तोंडाने म्हणायला शिकवले. ती मुलगी मनातल्या मनात 'तकधिमी' म्हणत चालायला लागली आणि शिव्या खायच्या थांबल्या. हे ऐकून सासरे आठवडाभर गल्लीत सांगत फिरले. मी विचारलं, "मनगटाचं काय?" ते कुणी सांगत नव्हतं.

शेवटी ती पास झाली. दीक्षान्त परेडला आम्ही तिघंही गेलो. तलवारी, बँड, ऊन. सासऱ्यांना खुर्चीवरून उठून उभ्याने बघायचं होतं आणि मागचे लोक "बैठिए, बैठिए" म्हणत होते. परेड झाल्यावर आम्ही तिच्या खांद्यांवरचे तारे हात लावून पाहिले, आणि मी लगेच कामाला लागले. ट्रंक बांधायची, मृदंग बांधायचा. परतीच्या प्रवासासाठी त्याचा वेगळा बर्थ मी आधीच घेऊन ठेवला होता, कारण या बाबतीत मला आता शहाणपण आलं होतं.

"मृदंग इथेच राहणार," ती म्हणाली. "मणिपूरच्या त्या मुलीची बहीण आलीये आमच्या मागच्या तुकडीत. तिला शिकायचंय."

"शिकवणार कोण? इथे कुणाला कळतं त्यातलं?"

"फोनवर शिकवेन. ताता पण सांगतील."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. आजवर त्या मृदंगाला त्यांनी मला फडक्याने पुसूसुद्धा दिलेलं नाही. आणि ते म्हणाले, "ठीक आहे की."

ठीक आहे की! मी ट्रंकेचं कुलूप दोनदा लावलं, कारण बोलायला लागले असते तर तलवारीवाल्यांनी वळून पाहिलं असतं.

परतीच्या गाडीत नवरा झोपला. सासरे खिडकीशी बसून होते. बाहेर बघतच म्हणाले, "तिचं मनगट आता पूर्ण वळतं ना?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. हो म्हणाली."

"मलाही हो म्हणाली."

परेडनंतर सगळे उभ्याने जेवत होते, पण तिने भाताचं ताट डाव्या हातात धरलं नव्हतं, टेबलावर ठेवून जेवली होती. मी पाहिलं होतं. त्यांनीही पाहिलं असणार. पुढच्या स्टेशनवर कॉफी आली, ती निव्वळ गरम पाणी होती, आणि मी त्या कॉफीवाल्याशी गाडी सुटेपर्यंत भांडले.