आवाज गेल्यावर तिउर्मा

तोबा सरोवरातल्या सामोसीर बेटावर, पाण्याला लागून असलेल्या गावात तिउर्मा राहायची. चर्चच्या बायकांच्या गायनात तिचाच आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. लग्न असो की मयत, तिउर्मा गायली नाही तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

पन्नाशीला गळ्यात गाठ आली. शहरात नेऊन ती काढली. जीव वाचला, आवाज मात्र गेला. बोलायला जावं तर घशातून नुसती हवा, फार तर कुजबुज निघे.

ती चर्चला जाईनाशी झाली. रविवारी घंटा वाजली की अंगणात, कॉफीच्या बिया वाळत घातलेल्या चटईशी बसून राही. सरोवरावरून धुकं चढून येई. आधी होड्या त्यात नाहीशा होत, मग काठ, मग तिचे स्वतःचे पाय. त्या पांढऱ्या पोकळीत तिला कळेनासं होई, आपण जागे आहोत की झोपेत. 'तुझ्यासाठीच गात होते ना मी?' ती मनातल्या मनात देवाला विचारी. 'मग माझाच गळा का?' धुकं तसंच राही.

एकदा नणंद, लामरिया, फणकारली. "वहिनी, देवाला काय फक्त तुझंच गाणं ऐकू येतं? आम्ही एवढं बेसूर गातो, तरी बिचारा ऐकून घेतोच की!"

तिउर्मानं हातातलं सूप आपटलं. तेवढंच तिला करता येत होतं.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या साहालाच्या आजीनं अंथरूण धरलं. तिनं निरोप धाडला: तिउर्माला पाठवा, दुसरं कुणी नको.

"बस पोरी," म्हातारी म्हणाली. "माझा नवरा बुडाला तेव्हा तू फार गोड गायलीस. सगळे तुझ्या गाण्याचंच बोलत होते. मी रडतेय, ते कुणाला दिसलं नाही."

तिउर्माचा चेहरा उतरला.

"रागावून नाही सांगत गं. आज तू गाणार नाहीस, म्हणून बोलावलं." मग म्हातारीनं वीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. नवरा बुडाला त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. 'परत नाही आलास तरी चालेल,' असं ती त्याला म्हणाली होती.

आवाज असता तर तिउर्मानं लगेच एखादं गीत धरलं असतं, ते दुःख सुरांनी झाकून टाकलं असतं. आता तिनं फक्त म्हातारीचा हात हातात घेतला. खिडकीबाहेर पाणी काठाला हळूहळू चाटत होतं. कितीतरी वेळ गेला. आणि तिउर्माला वाटलं, खोलीत आपण दोघी नाही, तिघं आहोत. देव बोलत नव्हता. तोही नुसता बसला होता. कदाचित अंगणातल्या त्या धुक्यातही असाच शेजारी बसून असेल. तिचे डोळे वाहू लागले, पण जिवाला गार वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी म्हातारी शांतपणे गेली.

त्या रविवारी तिउर्मा चर्चला गेली आणि मागच्या बाकावर टेकली. लामरियाचा सूर घसरला तसं तिला हसू आलं.

"आवाजासाठी अजून प्रार्थना करता का?" चर्चच्या पाळकांनी दारात विचारलं.

"करते," ती कुजबुजली. "पण आता घाई नाही."

हळूहळू आजाऱ्यांच्या, नव्यानं विधवा झालेल्यांच्या घरून बोलावणी येऊ लागली. "तिउर्माताई, जरा येऊन बसता का?" ती शालीआड उकडलेली रताळी घेऊन होडीनं पलीकडच्या गावांतही जाई. लोक बोलत, रडत, कधी नुसतेच पाण्याकडे बघत. ती उठायची घाई करत नसे.