विहिरी मोजणारी माझी जाऊ

मामाजींचा फोन आला तेव्हा मी वाशीमला कॉलेजात होते, सरांना आमच्या प्रबंधाचे तक्ते दाखवत. "सूनबाई, जिथं हायेस तिथंच थांब. आभाळ उतरल्याबिगर निंगू नोको." एवढंच बोलले. माझे सासरे विनाकारण फोन करणाऱ्यातले नाहीत. "रेखाबाई कुठंय?" मी विचारलं... पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

रेखाबाई माझी थोरली जाऊ. भूगोल आणि पर्यावरणात एम. ए. करायचं खूळ तिचंच. मला तिनं ओढत नेलं. मामाजींनी एकच अट घातली, "दोघी जासान, दोघी यासान. एकली कोनी निंगाची नाही." अनसिंगच्या एसटीत आम्हाला पाहून बायका चिडवायच्या, "सुना चालल्या शिकाले, सासू चुलीपाशी!" रेखाबाई खुशाल हसायची. प्रबंधाला विषय घेतला गावच्या विहिरींची पाणीपातळी. आमच्याकडच्या निम्म्या विहिरींना कठडाच नाही. काठावर पालथं पडायचं, टेपच्या टोकाला खडू फासून तो आत सोडायचा, कुठवर भिजला ते पाहायचं. एकीनं असं लोंबकळायचं आणि दुसरीनं तिच्या पायांवर बसायचं. "बस चांगली दाबून. माहेराहून एवढी खाऊन आलीस, ते कामी येऊ दे," ती म्हणायची. मला तर खालचं काळं पाणी नुसतं दिसलं तरी घाम फुटायचा. "बाई, तुमाले भेव नाही लागत?" एकदा विचारलं. "लागते ना वं. पन टेप तं सोडाच लागते."

त्या दिवशी मला नवऱ्यानं गाडीवर वाशीमला सोडलं. उरलेली विहीर घरामागच्याच शेतात, कठड्याची, म्हणून मामाजींनी तिला एकटीला जाऊ दिलं. आभाळ भरून आलं तशी ती काम टाकून निघालीही होती. झाडाखाली थांबली नाही, फोन कानाला लावला नाही. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घराकडेच येत होती... वीज पडली. तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. चुकली असती तर निदान काय टाळायचं ते कळलं असतं.

सोयाबीन निघालं की शेवटची मोजणी करायची आहे. ती झाली नाही तर आमचा प्रबंध अर्धाच राहील. सर म्हणतात, विषय बदला. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. दोघींनीच जायच्या अटीचं आता काय, हे तर मामाजींना विचारायचीही सोय नाही. सासऱ्यांपुढे आम्ही सुना अजूनही हळू आवाजात, खाली पाहून बोलतो. परवा दुपारी परतीचा पाऊस दाटला. मी दारात थिजून उभी. वीज चमकली आणि ओसरीवर बसलेले मामाजी बोटांवर मोजायला लागले. चमकल्यापासून गडगडेपर्यंत मोजायचं, आकडा वाढला की वीज लांब गेली, हे रेखाबाईनं सगळ्या घराला लावलेलं वळण. गडगडलं. "दूर हाये," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मोजनीले मी येतो संग. दोघं जाऊ, दोघं येऊ." तेवढ्यात पुन्हा लखलखलं. मामाजी मोजू लागले, आणि आजवर कधी नाही तो त्यांच्यासमोर आवाज चढवून मीही.